लंचबॉक्स परत पाहिला. इला चुकली का?

विरारची

काल रात्री आईसोबत 'द लंचबॉक्स' परत पाहिला. २०१३ च्या सप्टेंबरात लागला तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते, आणि थेटरातून बाहेर पडताना मैत्रिणीला म्हटलं होतं, "किती गोड आहे ना!" आता लग्नाला नऊ वर्षं झाली. काल एकदाही गोड वाटला नाही. झोप उडाली म्हणून हा धागा.

पुढे गोष्ट फोडली आहे. इतक्या वर्षांत पाहिला नसेल तर तक्रार चालणार नाही.

थोडक्यात गोष्ट अशी. इला (निम्रत कौर) नवऱ्यासाठी मन लावून डबा करते. तो चुकून साजन फर्नांडिस (इरफान खान) या निवृत्तीला टेकलेल्या विधुर कारकुनाच्या टेबलावर पोचतो. रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. इकडे नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू आहे.

हे 'काहीतरी' दिग्दर्शक रितेश बत्रा आपल्याला दाखवतच नाही. दुसरी बाई दिसत नाही, फोन पकडला जात नाही, खिशात बिल सापडत नाही. इला धुवायचे कपडे गोळा करते, नवऱ्याचा शर्ट नाकाशी नेते आणि थांबते. बस. पहिल्या वेळचा हा प्रसंग मला आठवतही नव्हता. काल तो आला तेव्हा मी आईकडे पाहिलं नाही आणि आईनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

मग लक्षात आलं की हा सगळा सिनेमाच नाकाने चालतो. साजन पहिल्यांदा तो डबा उघडतो तेव्हा घास घ्यायच्या आधी वास घेतो. आणि शेवटाकडचा त्याच्या न्हाणीघराचा प्रसंग तर आहेच, त्यावर कुणीतरी लिहा, मला जमणार नाही.

नवऱ्याकडे मात्र साजनचा खाणावळीतला डबा जात असतो. संध्याकाळी तो म्हणतो, फ्लॉवर-बटाटा छान होता. इलाने फ्लॉवर केलेलाच नसतो! शर्टाचा वास नंतर येतो. माझ्या लेखी तो माणूस इथेच सुटला हातातून.

आईने तीस वर्षं बाबांचा डबा भरलाय. सिनेमाभर ती गप्प होती. साजनची पहिली चिठ्ठी आली, त्यात कौतुक नाही, आभार नाहीत, आज मीठ जास्त झालं होतं एवढंच. मी हसले. आई म्हणाली, "म्हणाला तरी."

तर प्रश्न असा की इला चुकली का? चिठ्ठ्या लिहिणं बाहेरख्यालीत धरायचं का?

चष्मिष्ट

आईला दंडवत. "म्हणाला तरी" वर धागा बंद करा, पुढे कुणी काही लिहून उपयोग नाही.

(नाही धरायचं. कागदाला हात लागला म्हणून बाहेरख्याली होत असती तर पोस्टमन लोकांची लग्नं टिकली नसती. हलके घ्या.)

निमसरकारी

काडी टाकतोय, आधीच सांगतो.

राजीवची, म्हणजे इलाच्या नवऱ्याची, बाजू इथे कुणी मांडणार की नाही? संपूर्ण सिनेमात त्या माणसाला धड दहा वाक्यं नाहीत. घरी येतो, मोबाइल बघतो, टीव्ही बघतो. तो दमतो का, त्याला कसली भीती आहे, इलाशी तो कधीकाळी कसा बोलायचा, काही नाही. साजनला मात्र मेलेली बायको आहे, तिने टेप करून ठेवलेल्या जुन्या मालिका आहेत, खिडकीतून दिसणारं शेजारचं जेवणाचं टेबल आहे, बाल्कनीतली सिगरेट आहे. कॅमेरा ज्याच्या घरात रात्री थांबतो त्याच्यावर आपला जीव जडतो. राजीवसोबत कॅमेरा एक रात्र थांबला असता तर? त्या दुसऱ्या बाईच्या घरीही कदाचित कुणी त्याला विचारत असेल, दमलास का.

आता उलटं करून बघा. नवरा रोज एका अनोळखी बाईला मनातलं सगळं लिहितो, तिच्या उत्तराची वाट बघतो, बायकोपासून लपवतो. त्यावर इथे दोनशे प्रतिसाद आले असते आणि त्यात 'गोड' हा शब्द नसता.

विरारची

@निमसरकारी, दुसरा परिच्छेद मान्य. पहिला अर्धा मान्य. राजीवला दिग्दर्शकाने मोकळं सोडलंय हे खरंच, पण इलाच्या घरातून तो तेवढाच दिसतो. पाठ आणि मोबाइलचा उजेड. कॅमेरा तिच्या उंचीवर ठेवलाय म्हणा हवं तर. अन्याय आहे, पण तिचा अनुभव तेवढाच आहे.

तळेगावकर

इलाचं तुम्ही बघा, मी डब्याचं बोलतो. माझे चुलते डबेवाल्यांच्या अंधेरीच्या गटात एकतीस वर्षं होते. आम्ही मूळचे खेड तालुक्यातले. डबेवाले बहुतेक आमच्याच पट्ट्यातले, खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव, मुळशी. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केलं, तेव्हापासून भाऊबंदकीतूनच माणसं येतात.

काका सिनेमा बघून एकच गोष्ट म्हणाले, "एक दिवस होईल, रोज कसं होईल?" ते समजावतो. डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा असतात. कुठल्या स्टेशनातून उचलला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, तिथला कुठला माणूस नेणार, कुठली इमारत, कितवा मजला. नाव-पत्ता नसतो. सकाळी घरून उचलणारा वेगळा, स्टेशनवर छाटणारा वेगळा, लगेजच्या डब्यात चढवणारा वेगळा, चर्चगेटला डोक्यावरची पाटी घेऊन पळणारा वेगळा. डबा तीन-चार हातांतून जातो आणि प्रत्येक हात फक्त खूण वाचतो. एखाद्या दिवशी गर्दीत डबा चुकीच्या पाटीत पडू शकतो. दुसऱ्या दिवशी तो आपोआप जागेवर येतो, कारण खूण तीच असते. तोच डबा रोज चुकत असेल तर माणसं चुकत नाहीत, खूणच चुकीची रंगवलीय. म्हणजे पहिल्या दिवशीच कुणीतरी इलाच्या डब्यावर साजनची खूण रंगवली. आणि खाणावळीच्या डब्यावर राजीवची.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग त्याला चूक कशाला म्हणायचं."

आणखी एक. इला डबेवाल्याला विचारते तेव्हा तो ठसक्यात सांगतो की हार्वर्डवाले येऊन गेले, इंग्लंडचा राजा येऊन गेला, डबा चुकूच शकत नाही. हार्वर्डचं खरं आहे, तिथल्या बिझनेस स्कूलने २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस स्टडी काढली. राजा मात्र २००३ मध्ये आला तेव्हा युवराज होता. आता झाला राजा. म्हणजे डबा चुकला असेल, पण डबेवाल्याचं बोलणं नाही चुकलं, थोडं आधी पोचलं इतकंच :)

चष्मिष्ट

तळेगावकर, या प्रतिसादासाठी वेगळा धागा काढा. काकांना पण नमस्कार. या धाग्यावर ज्येष्ठ मंडळीच भाव खाऊन चाललीत.

काळा कोट

निमसरकारी म्हणतात "उलटं करून बघा". कायद्याने ते फार वर्षं उलटंच करून ठेवलं होतं, म्हणून थोडं टंकते.

सिनेमा आला तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ जिवंत होतं. व्यभिचार हा फौजदारी गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. पण कुणाचा? दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीशिवाय, शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषाचा. 'नवऱ्याच्या संमतीशिवाय' हे शब्द परत वाचा. बायको म्हणजे शेजाऱ्याची सायकल, विचारून नेली तर गुन्हा नाही. बाईला शिक्षा नव्हती, हे उपकार म्हणून सांगितलं जायचं. आणि तक्रार करायचा हक्क होता त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला.

आता शर्ट हातात घेऊन उभी असलेली इला बघा. दुसरी बाई अविवाहित असेल तर राजीवने गुन्हाच केला नाही. विवाहित असेल तर तिचा नवरा पोलिसात जाऊ शकतो, इला नाही. फसवलं गेलेल्या बाईला त्या कलमात जागाच नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं, पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ, एकमताने. गंमत म्हणजे १९८५ मध्ये हेच कलम वैध ठरवणारा निकाल यशवंत चंद्रचूडांनी लिहिला होता आणि २०१८ च्या खंडपीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. बापाचा निकाल मुलाने फिरवला.

घटस्फोटाला मात्र व्यभिचार हे कारण तेव्हाही होतं, आताही आहे. तिथे नवरा-बायको दोघांनाही सारखं.

साजन आणि इला? कुठल्याच कलमात बसत नाहीत. चिठ्ठ्या आणि भेंडीची भाजी. फार तर राजीवचा वकील मानसिक क्रूरता म्हणून ओरडेल, आणि मी समोर असले तर त्याला फ्लॉवर-बटाट्याबद्दल प्रश्न विचारीन.

निमसरकारी

कलम समजलं, आभार. पण कायद्यात बसत नाही म्हणजे झालं नाही असं होत नाही ना. ती भूतानचं लिहिते आणि तो विचारतो, मी सोबत आलो तर? तिथे पैशाऐवजी सुख मोजतात म्हणून. हे काय भाजीचं बोलणं आहे? बायकांनी केलं की भावनिक गरज आणि पुरुषांनी केलं की बाहेरख्याली, हा दुटप्पीपणा मला

वात्रट

[प्रतिसाद काढून टाकला आहे]

निमसरकारी

अर्धवटच पडला प्रतिसाद. जाऊ दे. आणि वर ज्यांनी माझ्या बायकोला मध्ये आणलं त्यांनी स्वतःच काढून टाकलं म्हणून सोडतोय.

तिसरी घंटा

निमसरकारींचा मुद्दा इतका झटकण्यासारखा नाही.

२००० साली महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व' आला होता, मराठी आणि हिंदी दोन्हीत. तब्बू, सचिन खेडेकर, मोहनीश बहल. गाण्याच्या शिक्षकाने मरताना सगळी मालमत्ता तिच्या नावे केली आणि त्या कागदामुळे पंचवीसेक वर्षांपूर्वीचं सगळं वर आलं. तिथे शरीर आहे, मूल आहे, आणि ती नवऱ्यासमोर, मोठ्या झालेल्या मुलासमोर उभी राहून बोलते. मी पुण्यात पाहिला होता. मध्यंतरात माझ्या पुढच्या रांगेतलं जोडपं उठून गेलं. काका पुढे, काकू मागे वळून पडद्याकडे बघत.

'लंचबॉक्स'मधून कुणी उठून गेल्याचं मी ऐकलं नाही. का? कारण दिग्दर्शकाने दोघांना भेटूच दिलं नाही. इला आणि साजन एका फ्रेममध्ये येतात ते त्या रेस्टॉरंटमध्ये, आणि तिथेही तिला ते माहीत नसतं. एकदा जरी हात हातात घेतला असता तरी अर्ध्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली असती. इलाला आपण माफ करतो कारण माफ करण्यासारखं काही तिला करूच दिलं नाही. ही हुशारी आहे की पळवाट, मला अजून ठरवता आलेलं नाही. काल ठरलं होतं, आज परत बदललं.

साधा वरणभात

विरारचींनी न्हाणीघरावर लिहा म्हटलंय. मी लिहितो. वय ५८.

साजन तिला भेटायला जाणार असतो त्या सकाळी दाढी करतो. काहीतरी विसरलं म्हणून परत न्हाणीघरात जातो तर तिथे वास येतो. त्याच्या आजोबांच्या अंघोळीनंतर यायचा तसा. आधी वाटतं आजोबाच येऊन गेले की काय. मग कळतं, हा आपलाच वास. आपण कधी म्हातारे झालो ते कळलंच नाही. गाडीत कुणीतरी उठून जागाही देतो.

मग तो रेस्टॉरंटमध्ये जातो, तिला बघतो. ती तरुण आहे, सुंदर आहे, सारखी पाणी पीत वाट बघतेय. हा लांबच्या टेबलावर बसून बघत राहतो आणि उठत नाही.

तरुण मुलं याला भित्रेपणा म्हणतात. माझा मुलगा म्हणाला, "जायचं ना सरळ." बायको जाऊन सहा वर्षं झाली मला. मध्यंतरी कट्ट्यावरच्या एका बाईंशी रोज बोलणं व्हायचं, पेपरातल्या कोड्यावरून सुरू झालेलं. काही म्हणजे काही नव्हतं त्यात. तरी एके दिवशी निघताना मी कपाटातला जुना अत्तराचा फाया शोधला, आणि शोधताना स्वतःला आरशात पाहिलं, बनियनवर. त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, साध्या शर्टात, आणि उभे-आडवे शब्द सोडवले.

या वयात इच्छा होत नाही असं नाही. तिची लाज वाटते, इतकंच.

इरफानने ते काही न बोलता केलंय. चष्मा काढतो, पुसतो, घालतो. बाकी चेहऱ्यावर काही नाही.

चष्मिष्ट

मी वर केलेले सगळे विनोद मागे घेते. काका, पुढचं कोडं पण सोडवा.

आंबट चुका

अवांतर: कुणाला त्यातल्या दुधीच्या कोफ्त्यांची कृती येते का? आमच्याकडे दुधी आणला की सगळ्यांची तोंडं वाकडी होतात.

तळेगावकर

किसलेल्या दुधीचं पाणी पिळून ग्रेव्हीतच वापरा, फेकू नका. बेसन बेताचं. जास्त घातलं की कोफ्ता होत नाही, चेंडू होतो. बाकी पाककृती विभागात जा, इथे गंभीर चर्चा चालू आहे.

सांजवात

मी लेस्टरहून. इथे आम्ही चार-पाच मराठी आणि बाकी इंग्रज असे एका फिल्म क्लबात पाहिला. मंडळी सारखी विचारत होती, वरच्या मजल्यावरची ती काकू दाखवणार कधी? देशपांडे काकू! भारती आचरेकरांचा नुसता आवाज, खिडकीतून ओरडलेला, आणि दोरीला बांधून खाली सोडलेली मसाल्याची टोपली. मी म्हटलं, तिला बघायची गरज नाही, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर ती राहत होती. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये तर टोपलीतून कढीपत्ता खाली आणि बातम्या वर जायच्या.

पण या धाग्यामुळे काकू मला वेगळी दिसायला लागली. तिचा नवरा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला, छताच्या पंख्याकडे बघत. पंखा थांबला तर तो जाईल असं तिला वाटतं म्हणून पंखा बंद होऊ द्यायचा नाही. आणि हीच बाई इलाला मसाला पुरवते, नवरा कसा वळवायचा ते शिकवते. तिच्या स्वतःच्या इच्छेचं काय झालं? ती सगळी त्या टोपलीतून खाली उतरत असणार.

आणि इलाची आई (लिलेट दुबे). तिच्यावर इथे कुणीच बोललं नाही. नवरा फुप्फुसाच्या कॅन्सरने नुकताच गेलाय, घरात माणसं येताहेत, आणि ती मुलीला म्हणते मला फार भूक लागलीय, पराठे खावेसे वाटताहेत. मग सांगते की सुरुवातीला प्रेम होतं, नंतर नंतर रोजचं ते त्याचं औषध, अंघोळ, नाश्ता, सगळ्याची किळस यायची. आमच्या क्लबात त्या वाक्याला कुणीतरी "ओह" म्हणालं, धक्का बसल्यासारखं. मला धक्का नाही बसला. माझ्या मावशीने तेराव्याला भजी मागितली होती. आम्ही ती बशी झाकून आतल्या खोलीत नेऊन दिली, कुणी बघायला नको म्हणून.

इला तिथून घरी येते ती वेगळीच होऊन. राजीवच्या शर्टाने तिला हलवलं नव्हतं, आईच्या भुकेने हलवलं. आपण तीस वर्षांनी कुठे बसलेलो असू ते तिने बघितलं.

काळा कोट

+१. माझ्याकडे येणाऱ्या बायका बऱ्याचदा दुसऱ्या बाईमुळे येतच नाहीत. ती गोष्ट वर्षानुवर्षं पचवलेली असते. येतात ते कुठल्यातरी फालतू दिवसानंतर.

निमसरकारी

सांजवात, हे मी पाहिलंच नव्हतं. मी तिला साजनमुळे घर सोडणारी समजत होतो. तो नाशिकला जातो म्हणून निघून गेलेला असतो तेव्हाही ती बांगड्या काढून ठेवते, विकते, पोरीला घेऊन निघायचं ठरवते. म्हणजे तो असो नसो.

राजीवबद्दलचं माझं मत तसंच आहे. दहा वाक्यं तरी द्यायला हवी होती.

वात्रट

शेवटी भेटतात का पण? तो परत येतो, डबेवाल्यांबरोबर गाडीत बसतो, ते टाळ वाजवत भजन म्हणताहेत, इकडे ती पोरगी शाळेतून यायची वाट बघत बसलीय. आणि संपला! पैसे परत मागावेसे वाटले होते.

तळेगावकर

डबेवाल्यांसोबत बसलाय ना? मग पोचला. साडेबारापर्यंत.

तिसरी घंटा

हाहा. तळेगावकरांनी मिटवलं.

जाता जाता, त्या वर्षी ऑस्करला भारताकडून 'द गुड रोड' हा गुजराती चित्रपट गेला आणि यावरून केवढा गदारोळ झाला होता. कानला समीक्षक सप्ताहात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला होता याला. आता ती भांडणं कुणाच्या लक्षातही नाहीत, मीठ जास्त झालं होतं ते लक्षात आहे.

आंबट चुका

@विरारची, एक राहिलंच. आई "म्हणाला तरी" म्हणाल्या, मग बाबा? त्यांनी पाहिला का सिनेमा?

विरारची

सगळ्यांचे आभार. साधा वरणभात काका, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिने परत वाचायला लावला.

बाबांनी नाही पाहिला, ते दहालाच झोपतात. पण आंबट चुका यांचा प्रश्न वाचून आज चहाच्या वेळी विचारलं, बाबा, आई तुम्हाला डब्यात काय द्यायची आठवतं का? बाबा फोर्टातल्या एका कचेरीत होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. मला वाटलं म्हणतील, असेल काहीतरी पोळी-भाजी.

कप खाली ठेवला आणि बोटांवर मोजायला लागले. "सोमवारी बटाट्याच्या काचऱ्या. मंगळवारी भेंडी, ती चिकट व्हायची दुपारपर्यंत. बुधवारी कोबी, तो मी शेजारच्या टेबलाला द्यायचो. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, उपास म्हणून. शुक्रवारी मटकी."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मटकी नाही. चवळी."